लाल दिवशी दलाल स्ट्रीटवर

सोमवार, ७ एप्रिल २०२५. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला आणि नऊ वीसला माझा फोन वाजला. पलीकडे मावसभाऊ.

"ताई, बघितलंस? सगळं लाल झालंय!"

बघितलं होतं. अमेरिकेनं २ एप्रिलला जगभरच्या मालावर आयातशुल्क जाहीर केलं, वीकएण्डभर सगळीकडे तीच चर्चा, आणि सोमवारी सेन्सेक्सनं उघडताक्षणीच जवळपास चार हजार पॉइंट्सची डुबकी मारली. भाऊसाहेबांचं वय पंचवीस. पहिला पगार झाला त्याच आठवड्यात मोबाइलवर डीमॅट उघडलेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये सेन्सेक्स ८६ हजारांना टेकायला आला, तेव्हा हा मला रोज हिरवेगार स्क्रीनशॉट पाठवायचा. नंतरच्या सहा महिन्यांत ते आपोआप बंद झाले.

"सगळं विकून टाकू? की अजून घेऊ?" दोन्ही प्रश्न एकाच दमात.

त्याचं काम त्या दिवशी नरिमन पॉइंटच्या क्लायंटकडे होतं, माझं ऑफिस बॅलार्ड इस्टेटला. म्हटलं, "दोन वाजता हॉर्निमन सर्कलला ये. दलाल स्ट्रीट दाखवते."

"तिकडे काय आहे?"

खरं उत्तर होतं, काही नाही. पण म्हटलं, ये तर खरा.

फोर्टात रोज येणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांनी दलाल स्ट्रीट धड पाहिलेली नसते. सिनेमात पाहिलेली असते. प्रत्यक्षात ती एक आखूडशी गल्ली आहे. दोन टॅक्स्या समोरासमोर आल्या की हॉर्नची जुगलबंदी सुरू होते. ह्या गल्लीची गोष्ट मात्र तिच्यात सुरू होत नाही, हॉर्निमन सर्कलला सुरू होते. १८५०च्या दशकात शेअर दलाल टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमायचे. ऑफिस नाही, फर्निचर नाही, झाडाची सावली हेच एक्स्चेंज! मग जागा बदलत बदलत ते १८७४ मध्ये आज ज्याला दलाल स्ट्रीट म्हणतात तिथे आले आणि १८७५ मध्ये त्यांनी रीतसर संस्था काढली. तीच आपली बीएसई.

भाऊ आला तो मान खाली घालूनच. मान खाली म्हणजे मोबाइलमध्ये. आम्ही एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसलो. उन्हाचा कडाका होता, पण वरच्या पायऱ्यांवर खांबांची सावली पडते.

"आधी दाखव, काय काय आहे ते."

अकरा म्युच्युअल फंड आणि पाच शेअर्स. अकरा! मी मोजले तेव्हा तोच दचकला. प्रत्येक फंडामागे एक कारण होतं. हा मित्रानं सांगितला, ह्याला अॅपवर पाच स्टार होते, ह्यानं आदल्या वर्षी साठ टक्के दिले होते. आणि हे तीन २०२४च्या तेजीत निघालेले एनएफओ. एक डिफेन्सचा, एक मॅन्युफॅक्चरिंगचा, एक कुठल्याशा 'इनोव्हेशन'चा.

"हे का घेतलेस?"

"दहा रुपयांना युनिट मिळत होतं ना. बाकीच्यांची एनएव्ही शंभर-दोनशे. दहाला स्वस्त पडतं."

हे वाक्य ऐकून माझ्या पोटात जे झालं ते त्याला कळणं शक्य नव्हतं. कारण हेच वाक्य, अगदी ह्याच शब्दांत, मी जानेवारी २००८ मध्ये माझ्या बाबांना ऐकवलं होतं.

असो. त्याला आधी साधं गणित सांगितलं. फंडाकडचे शेअर्स दहा टक्के वाढले तर दहाचं युनिट अकरा होतं आणि दोनशेचं दोनशेवीस. तुमचे दहा हजार दोन्हीकडे अकरा हजारच होतात. युनिटचा भाव म्हणजे पोळीचे किती तुकडे केले त्याचा हिशोब, पोळी स्वस्त झाली असा त्याचा अर्थ नाही. मग आम्ही त्याच्या तीन मोठ्या फंडांची यादी उघडली. पहिल्या दहा कंपन्यांत निम्म्याहून जास्त नावं तीच. त्याच त्या बँका, तीच ती आयटी. तीन दुकानांतून एकच साबण आणल्यासारखं!

"मग कुठला काढू?"

"चल, आधी गल्ली बघू."

सर्कलच्या बाहेर 'मुंबई समाचार'ची लाल इमारत लागते. १८२२ पासून निघणारं हे गुजराती वर्तमानपत्र. आजही पेपरात शेअर्सच्या भावाचं पान उघडलं की मला ती इमारत आठवते. माझी पहिली नोकरी तिथून चालत पाच मिनिटांवर, हमाम स्ट्रीटच्या टोकाला, एका छोट्या जाहिरात एजन्सीत. आमच्या अकाउंट्समध्ये एक काका होते. रोज लंचला डबा संपला की ते पेपर पसरायचे आणि पेन्सिलीनं आठ-दहा भाव वहीत उतरवायचे. आम्ही हसायचो. आमच्या डेस्कवर कॉम्प्युटर होते, चॅनलवर खाली सरकणारी पट्टी होती, आणि बाजार रोज नवा उच्चांक करत होता.

२००७च्या डिसेंबरात बाबा शाळेतून रिटायर झाले. फंड, ग्रॅच्युइटी मिळून आलेले पैसे त्यांना पोस्टात ठेवायचे होते. मी चोवीस वर्षांची, सहा महिन्यांत स्वतःचे चाळीस हजार दुप्पट केलेली. म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या घरातली मीच वॉरन बफे! "बाबा, पोस्टात आठ टक्के? महागाई तरी भरून निघेल का?" तीन लाख काढले. दोन लाख एका इन्फ्रास्ट्रक्चर फंडाच्या एनएफओत, तेही सव्वादोन टक्के एण्ट्री लोड देऊन. हा लोड सेबीनं पुढे ऑगस्ट २००९ पासून बंद केला, पण तोवर आमचे साडेचार हजार एजंटच्या खिशात गेले होते. पन्नास हजार एका बांधकाम कंपनीच्या शेअरमध्ये. उरलेले त्या महिन्यात गाजलेल्या एका आयपीओसाठी ठेवले. फॉर्म भरायला गल्लीत एवढी गर्दी की टेबलं रस्त्यावर मांडलेली.

त्याच महिन्यात बीएसईच्या आवारात ब्राँझचा तो बैल बसवला. सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांचं काम. मान वळवलेला, उसळी घ्यायच्या बेतात असलेला, खरंच देखणा बैल आहे. १० जानेवारीला सेन्सेक्स २१,२०० च्या वर जाऊन आला होता. २१ तारखेला, सोमवारीच, एका दिवसात १,४०८ पॉइंट्स गेले. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच लोअर सर्किट लागून तासभर व्यवहार बंद. गल्लीत कुजबुज सुरू झाली, बैलाचा पायगुण वाईट!

आता ह्या गल्लीत बाहेरच्या माणसाला फार काही करता येत नाही. १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटात पहिला स्फोट ह्याच इमारतीत झाला. तेव्हापासून बॅरिकेड, पोलीस, पासाशिवाय आत प्रवेश नाही. शिवाय आत तरी काय बघणार? ओरडून, हातवारे करून सौदे करायची ती प्रसिद्ध रिंग मार्च १९९५ मध्ये कॉम्प्युटर आल्यावर गप्प झाली. त्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा बाहेर टीव्हीवाल्यांचे कॅमेरे, मान वर करून मोठ्या स्क्रीनकडे पाहणारे दहा-बारा जण आणि सॅण्डविचवाल्यासमोर त्याहून मोठी रांग. सॅण्डविचवाला काकडी कापत होता. लाखो कोटी रुपये बुडाल्याच्या बातम्या येत असतात, पण त्यांचा आवाज कुठेच येत नाही. भाऊ थोडा हिरमुसलाच.

"एवढंच?"

"एवढंच. पण २००८ मध्ये ह्या स्क्रीनखाली मी रोज उभी असायचे."

मग त्याला ती गोष्ट सांगितली. घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही ती.

मे २००८ मध्ये धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. तारीख निघाली फेब्रुवारी २००९. हॉल, दागिने, जेवणावळ, सगळ्याचे पैसे दिवाळीनंतर लागणार होते. अकाउंट्सच्या काकांना मी पेढा दिला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "लग्न कधी?" मी तारीख सांगितली. ते काही बोलले नाहीत, पेढा खाल्ला आणि वही उघडली. त्या वेळी फंडाची एनएव्ही आठच्या आसपास होती. तेव्हा काढले असते तर वीस टक्के गेले असते. मी काढले नाहीत. कारण प्रत्येक मासिकात, प्रत्येक चॅनलवर एकच मंत्र होता, 'लाँग टर्म'. पडत्या बाजारात विकायचं नाही, धीर धरायचा. मंत्र चुकीचा नव्हता. फक्त आमच्याकडे लाँग टर्म नव्हतं, फेब्रुवारी होता.

२७ ऑक्टोबर २००८ला, दिवाळीच्या आदल्या दिवशी, सेन्सेक्स दिवसभरात ७,७०० च्याही खाली जाऊन आला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी फोर्टातल्या रजिस्ट्रारच्या काउंटरवर रिडेम्प्शनचा फॉर्म घेऊन उभी होते. दोन लाखांचे नव्वद हजार होणार होते. माझ्यापुढे एक साठीचे गृहस्थ. त्यांच्याही हातात फॉर्म. मला वाटलं, समदुःखी. पाहिलं तर ते पैसे भरायला आले होते. त्याच फंड हाऊसच्या एका साध्या डायव्हर्सिफाइड फंडात, पंचवीस हजार. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता! आज वाटतं, त्यांना त्या पंचवीस हजारांची गरज दहा वर्षं पडणार नव्हती, एवढाच आमच्यातला फरक. त्यांना बाजार कळत होता आणि मला नव्हता, असं काही नाही.

लग्न छान झालं. कमी पडलेल्या पैशांसाठी मी पर्सनल लोन घेतलं, सोळा टक्क्यांनी, छत्तीस हप्ते. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. आणि लग्नानंतर तीन महिन्यांनी, १८ मे २००९ला, लोकसभेच्या निकालानंतरच्या पहिल्याच सोमवारी बाजार इतका उसळला की वरचं सर्किट लागून अख्ख्या दिवसात जेमतेम मिनिटभर व्यवहार झाले. सेन्सेक्स २,११० नं वर. हमाम स्ट्रीटवर पेढे वाटले गेले. मी खिडकी लावून घेतली.

"म्हणजे थांबली असतीस तर..." भाऊ म्हणाला.

नाही ना! तेच तर. थांबले असते तरी तो फंड दहावर आला नसता. २०१०च्या दिवाळीत सेन्सेक्स पुन्हा २१ हजारांवर बंद झाला, पण तेजीत निघालेल्या अनेक इन्फ्रा फंडांना आपला जुना भाव दिसायला पाच-सहा वर्षं लागली. सेन्सेक्स परत येतो, कारण त्यातली माणसं बदलतात. जानेवारी २००८च्या सेन्सेक्समध्ये सत्यम होती, रिलायन्स कम्युनिकेशन्स होती, डीएलएफ होती. २०२५च्या तीस जणांत ह्या तिघींपैकी एकही नाही. सत्यमचा घोटाळा जानेवारी २००९ मध्ये बाहेर आला आणि त्याच महिन्यात तिच्या जागी सन फार्मा आली. इंडेक्स फंडात हे काम कुणीतरी तुमच्यासाठी करतं. हातातल्या शेअरसाठी कुणी करत नाही. तो पडला तर पडलेलाच राहू शकतो, आणि 'सरासरी करतो' म्हणत आपण त्यात आणखी घालत राहतो.

आम्ही चालत हुतात्मा चौक ओलांडून युनिव्हर्सिटीकडे निघालो. मला त्याला राजाबाई टॉवर दाखवायचा होता. दलाल स्ट्रीटची टूर राजाबाईशिवाय पुरी होत नाही, हा माझा हट्ट. भावाचा प्रश्न होता, घड्याळाच्या मनोऱ्याचा शेअर्सशी काय संबंध?

संबंध आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा बँकांत, फायनान्स कंपन्यांत आणि समुद्र बुजवायच्या कंपन्यांत ओतला गेला. त्यातली बॅक बे रेक्लमेशन कंपनी म्हणजे त्या काळातला हॉट एनएफओच! बाजाराचा राजा होता प्रेमचंद रायचंद. त्यानं १८६४ मध्ये, ऐन तेजीत, युनिव्हर्सिटीला लाखोंची देणगी दिली. १८६५च्या वसंतात युद्ध संपलं. कापूस कोसळला. तरी शहर काही आठवडे तगून होतं, कारण बरेचसे सौदे वायद्याचे होते आणि त्यांची मुदत होती १ जुलै १८६५. ती तारीख आली, प्रत्येकानं प्रत्येकाकडे पैसे मागितले, आणि कुणाकडेच नव्हते. प्रेमचंद बुडाला. बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळावी लागली. आणि आईच्या नावाचा हा टॉवर पुरा झाला १८७८ मध्ये, तेजी विरून तेरा वर्षं झाल्यावर.

तेव्हाही बाजारानं मारलं, पण मारलं ते तारखेनं.

ओव्हलच्या कडेला, रस्त्यापलीकडे उभं राहिलं की टॉवर पूर्ण दिसतो. तिथे कठड्याला टेकून भावाला म्हटलं, "तुझी तारीख कुठली?"

तो गप्प. मग म्हणाला, "जुलै. बदलापूरला फ्लॅट बुक केलाय. डाउन पेमेंटचे चार लाख द्यायचेत." आणि थोडं थांबून, "त्यातले अडीच ह्याच्यातच आहेत."

हे मावशीलाही माहीत नव्हतं.

मी काही सेबीकडे नोंदलेली सल्लागार नाही, हे त्यालाही सांगितलं आणि तुम्हालाही सांगते. पण बहीण म्हणून जे बोलले ते असं. ज्या अडीच लाखांना जुलै आहे, ते आज नुकसान सोसून काढ. उद्या बाजार उसळला तर मला शिव्या दे, मी ऐकून घेईन. काढून लिक्विड फंडात ठेव, तिथे फार मिळणार नाही आणि फार जाणारही नाही. वर्षाच्या आत काढलेस तर बहुतेक फंड एक टक्का एक्झिट लोड कापतात, तो कापू दे. झालेला तोटा रिटर्नमध्ये दाखव, आठ वर्षं पुढच्या नफ्यातून वजा करता येतो. इंडेक्स फंडाची पाच हजारांची एसआयपी मात्र बंद करू नकोस. तिला काही तारीख नाही. एनएव्ही शंभरावरून ऐंशीवर आली तर त्याच पाच हजारांत पन्नासच्या जागी साडेबासष्ट युनिट्स येतात. २०२५च्या जानेवारी-फेब्रुवारीत नव्या उघडलेल्यांपेक्षा बंद पडलेल्या एसआयपींची संख्या जास्त भरली होती. त्यात जुन्या खात्यांची साफसफाईही होती म्हणा, पण तरीही महिन्याला २६ हजार कोटींच्या आसपास पैसा येतच होता. म्हणजे रांगेत पैसे भरणारे ते साठीचे गृहस्थ अजून आहेत. फक्त रांग मोबाइलमध्ये गेलीय.

"आणि शेअर्स?"

पाचही एकेक करून पाहिले. दोन कंपन्यांवर कर्ज जवळपास नव्हतंच, त्या ठेवल्या. दोन त्याला स्वतःलाच धड सांगता येईनात, नक्की करतात काय. पाचवीत प्रवर्तकांनी आपले निम्मे शेअर्स गहाण टाकलेले. ही माहिती सत्यमनंतर, २००९ पासून, कंपन्यांना जाहीर करावीच लागते. एक्स्चेंजच्या साइटवर फुकट दिसते. त्यानं ती पहिल्यांदाच उघडली.

घड्याळात पाहिलं, तीन वाजून वीस मिनिटं. फंडांची तीनची वेळ टळली होती. आता अर्ज टाकला तर दुसऱ्या दिवशीची एनएव्ही मिळणार होती. शेअर बाजार मात्र साडेतीनपर्यंत चालू. त्यानं गहाणवाला शेअर विकायला लावला. अंगठा स्क्रीनवर, डोळे मिटलेले. साठ टक्के खाली. सौदा झाल्याचं छोटंसं 'टिंग' वाजलं. मग फंडांचे अर्ज टाकले, एकामागून एक. सेन्सेक्स त्या दिवशी २,२२७ नं पडून बंद झाला, हे आम्हाला नंतर कळलं.

लंच अवर कधीच संपला होता. चर्चगेटकडे वळता वळता त्यानं विचारलं, "ताई, तुझा तो बांधकाम कंपनीचा शेअर? तो कितीला विकलास?"

"विकला नाही."

"म्हणजे?"

"आहे अजून डीमॅटमध्ये. शंभर शेअर्स."

तो फुटपाथवरच थांबला. "किती होतात आता?"

"सातशे रुपये. चहा पिणार का?"